बोंग-चीच्या बैठकीतली पांढरी फुलं

युआनलिन गावच्या त्या गल्लीत एके काळी कुणाच्या घरात शिरायचं म्हणजे आधी पायानं पोती बाजूला सारावी लागत. दारात पोती, जिन्याखाली पोती, पलंगावर पोती, आणि पोत्यांत प्लास्टिकची फुलं. पाकळ्या एकात, देठांच्या तारा दुसऱ्यात, फुलाखाली बसवायच्या हिरव्या वाट्या तिसऱ्यात. समोरच्या भिंतीला पूर्वजांचा देव्हारा. उदबत्ती लावायला बोंग-ची एक पाय पोत्यावर रोवून वर चढायची. उदबत्ती आणि कोरं प्लास्टिक, या दोहोंचा मिळून जो वास व्हायचा तो तिच्या नाकातून अजून गेलेला नाही. आता ती ऐंशी ओलांडून बसली आहे. खोलीत लांबरुंद सोफा आहे, फरशी आरशासारखी आहे, आणि पाहुणा दारातून सरळ चालत येऊन बसतो. तिला ते आवडत नाही. न अडखळता आत आलेला माणूस तिला परका वाटतो.

बोंग-ची या नावाचा अर्थ 'झालीच आहे तर वाढवा'. आपल्याकडे नकोशी ठेवतात, त्यातलाच प्रकार. पण तिच्या आईबापांनी वाढवण्याचं कामही दुसऱ्यावर ढकललं. पाच वर्षांची असताना तिला तान कुटुंबात देऊन टाकली, पुढे त्यांच्या मुलाची बायको व्हायला. तेव्हा तशी रीतच होती. वयात आलेली सून आणायची तर खर्च फार, त्यापेक्षा लहानपणीच आणावी आणि आपल्या पेजेवर वाढवावी. ज्या पोराशी रताळ्यावरून झोंबाझोंबी केली त्याच्याशीच अठराव्या वर्षी तिचं लग्न लागलं, तेव्हा दोघंही लाजेनं मेली नाहीत एवढंच. नवरा पुढे ट्रक चालवायला लागला आणि सुटल्यासारखा रस्त्यावरच राहिला. घरात उरल्या तिघी: बोंग-ची, तिची मुलगी ले-होंग, आणि बोंग-चीला जिनं वाढवलं ती म्हातारी. म्हातारीला ती आ-बू म्हणे. आ-बू म्हणजे आई. सासूसाठी वेगळा शब्द तिला कधी लागलाच नाही.

सरकारनं घोषणा दिली होती: घराची बैठक हाच कारखाना. घोषणा देणाऱ्यांच्या बैठकीत एक पोतं कधी गेलं नाही, पण गल्लीनं मात्र ती खरी करून दाखवली. हाँग शेठ त्याच्या तीनचाकीवर कारखान्यातून सुटे भाग आणून टाकायचा, तयार फुलं घेऊन जायचा. वाटप बोंग-चीच्या हातात होतं. ती काही निवडून आली नव्हती. तिच्याशी भांडायला कुणी धजत नाही म्हणून ते आपोआप तिच्याकडे आलं. वाकडं फूल दिसलं की ती ते करणाऱ्या बाईच्या अंगावर भिरकावायची. "हे काय फूल आहे? डुकरानं चघळून टाकल्यासारखं?" समोरच्या घरातली आ-तो तेवढी उलट बोलायची. "तू कर मग सगळी. आम्ही बसतो तुझ्या तोंडाकडं बघत, करमणूक तरी होईल."

दुपारी आ-तोच्या घरी टीव्हीवर बाहुल्यांचा खेळ लागे. गल्लीत टीव्ही तो एकच. बायका आपापले पाट आणि टोपल्या घेऊन तिच्याकडे जमत. पडद्यावर बाहुलीची तलवार चाले, इकडे बोटं चालत. नजर कुणाचीच खाली नसे, तरी देठ सरळ येत. कुणाचं तरी रांगतं पोर हिरव्या वाट्या तोंडात घाले, कुणी तरी न बघताच बोट घालून त्या काढी. शाळेतून आलेलं पोर दप्तर भिरकावून आधी ओंजळभर देठांना चिकटपट्टी गुंडाळी, मग पुस्तक उघडी.

हे अख्खं बेट गरिबीतून उभं राहिलं, असं पुढे सगळे सांगायला लागले. कुणी म्हणे कसणाऱ्याला जमीन मिळाली म्हणून, कुणी म्हणे शाळा काढल्या म्हणून, कुणी म्हणे बंदरं बांधली, बाहेरचे साहेब भांडवल घेऊन आले म्हणून. खोटं कुणीच बोलत नाही. पण उभं राहिलं म्हटलं की बोंग-चीला हसू येतं. तिची गल्ली तर सगळी बसलेली होती, वीतभर उंचीच्या लाकडी पाटांवर, गुडघ्यात मान घालून. सकाळी भातात वाकायचं, दुपारी फुलांवर. ज्यांच्या पाठी वाकल्या त्यांच्यावरून काय काय चढून वर गेलं, ते त्यांना खालून दिसायचं कसं?

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी सातवा महिना ऐन उकाड्यात आला होता. सातवा महिना म्हणजे भुतांचा. आपला पितृपक्ष असतो तसाच, फरक एवढाच की इथं फक्त आपलीच माणसं येत नाहीत, पाताळाचं दार उघडतं आणि ज्याला कुणी नाही असा प्रत्येक भटका आत्मा गल्लीबोळांतून हिंडतो. त्या महिन्यात लग्न नाही, घर बदलणं नाही, पोरांना नदीवर सोडणं नाही. आणि नेमका त्याच महिन्यात हाँग शेठ तीनचाकी भरून आला. बोंग-चीनं पोत्याचं तोंड सोडलं, आत हात घातला आणि विस्तव लागल्यासारखा मागे घेतला.

"हे काय?"

"लिली आहेत. थोडे गुलाब," शेठ घाम पुसत म्हणाला.

"पांढरे?"

"सगळे पांढरे. अमेरिकेला जायचेत. तिकडं लग्नात लावतात म्हणे."

तोवर आ-तो आणि चारपाच जणी जमल्या होत्या. पांढरं फूल गल्लीत एकाच कामाला लागायचं, मयताच्या. तेही दारात, बाहेर. घरात देव्हाऱ्यापुढे नाही.

"लग्नात?" आ-तो म्हणाली. "मग तिकडच्या नवऱ्या काय विधवा होऊनच मांडवात येतात?"

"मी कुठं गेलो होतो त्यांच्या लग्नाला? कारखान्यानं दिलं, मी आणलं."

"तर परत ने. माझी सून पोटुशी आहे, शेठ. पोतं माझ्या दाराला टेकलं तर मी ते गटारात घालीन आणि वर तुलाही."

एकेक करून सगळ्या जणी मागे सरल्या. शेठनं बोंग-चीला बाजूला घेतलं. "वहिनी, बोट काही माझ्यासाठी थांबत नाही. इथं नसेल होत तर नदीपलीकडच्या गावात नेतो. आणि एकदा तिकडं नेलं की परत ह्या गल्लीत कशाला येऊ? लाल फुलंसुद्धा तिकडंच करून घेईन."

"नदीपलीकडं काय पूर्वज नाहीत?"

"आहेत की. पण भूकही आहे."

पोती तिच्याच दारात टाकून शेठ गेला. उद्या सांगा म्हणाला.

बोंग-चीला भूक माहीत होती, तिची तिला भीती नव्हती. भीती दुसरी होती. गेल्या खेपेला नवरा घरी आला तेव्हा जेवता जेवता म्हणाला होता, "फुलं बंद पडली तर ले-होंगला काओशुंगला पाठवू. बंदराशेजारी कारखाने निघालेत, मुलींना राहायला जागा देतात. सगळेच पाठवतात." खरं होतं. गल्लीच्या मागच्या बाजूच्या दोन मुली गेल्याही होत्या. ले-होंग पंधरा वर्षांची, शाळा नुकतीच संपलेली. बोंग-चीनं वाडग्यातून डोकं वर केलं नव्हतं, पण तिच्या मनानं तेव्हाच गाठ मारली होती: मला घरातून दिली, माझ्या पोरीला मी देणार नाही. फुलं चालू तोवर पोर घरात. हिशेब एवढा सरळ होता.

त्या संध्याकाळी तिनं सगळी गल्ली पालथी घातली. समजावलं, चिडली, शिव्याही घातल्या. एका घरात तिला चहा मिळाला, बाकी ठिकाणी दार. घरी आली तेव्हा आ-बू भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. म्हातारीला सगळं कळलं होतं; तिला ऐकू कमी येई ते फक्त जेवायला हाक मारली की.

"आपल्या घरात बसवू," आ-बू म्हणाली.

"काय?"

"फुलं. सगळी आपल्याच बैठकीत करू. दुसऱ्या कुणाच्या घरात एक पाकळी जायला नको."

"आ-बू, घरात म्हातारं माणूस असताना पांढरी फुलं भरायची? लोक मला काय म्हणतील? मी तुमची वाट बघते म्हणतील."

"बघत असशील तर निदान हात तरी चालू ठेव." आ-बूनं एक शेंग फोडली. "यमाकडं माझं नाव कधीचं पडलंय. फुलं बघून ते वर सरकायचं नाही. तिथंही कारकूनच बसलेत ना? कुठला कारकून लवकर काम करतो? लाल कागद आण उद्या."

लाल कागद म्हटल्यावर बोंग-चीला उमगलं. कुणाच्या घरी मयत झालं की त्या घरचं माणूस शेजारच्या प्रत्येक दारावर लाल कागदाची पट्टी चिकटवून येतं. अशुभाला कळावं की ही घरं त्याची नव्हेत. पट्टी नसलेलं एकच दार उरतं, ते मयताचं. आ-बू म्हणत होती ते हेच. गल्लीच्या दारांना लाल लाव, आपलं मोकळं ठेव. जे काय यायचं ते आपल्याकडं येऊ दे.

"तुम्ही जिवंत असताना मी लाल कागद लावत फिरू?"

"मग मी लावू? माझे गुडघे चालत नाहीत."

दुसऱ्या सकाळी बोंग-ची खळ आणि कागद घेऊन निघाली. दार उघडून बायका बघत उभ्या राहिल्या. आ-तोच्या दाराला लावलेली पट्टी तिरकी बसली. "सरळ लाव," आ-तो म्हणाली. "भुतं वाचायची कशी?" पण तिच्या आवाजात नेहमीची धार नव्हती.

पट्टी लागली तरी पहिल्या दिवशी चौघीच आल्या, त्याही खिशात नांदरुखाची पानं घालून, मयताला जाताना घालतात तशी. बोंग-चीनं देव्हारा चादरीनं झाकला. ले-होंग आजीच्या शेजारी बसली. आ-बूनं आपला पाट मुद्दाम उंबरठ्याशी ओढला आणि मांडीवर पांढऱ्या लिलींचा ढीग घेतला. गप्पा नाहीत, खेळ नाही. वाट्या टोपलीत पडल्याचा टिकटिक आवाज तेवढा. चौघी किती उरकणार? ढीग जसाच्या तसा. दुसऱ्या दिवशी शेठ डोकावून मान हलवून गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी गल्लीच्या तोंडाशी हंबरडा ऐकू आला.

आ-बूची लेक, बोंग-चीची नणंद, छीहू गावात दिलेली. तिकडं फिरणाऱ्या भाजीवाल्यानं तिला सांगितलं होतं की तुझ्या माहेरच्या गल्लीत दारोदार लाल पट्ट्या आहेत, फक्त तान लोकांचं दार मोकळं आहे आणि आत पांढरी फुलंच फुलं. बिचारीनं विचारायचं काय ठेवलं होतं? माहेरी आई गेली की सासरी दिलेल्या लेकीनं रस्त्यापासूनच रडत, गुडघ्यांवर रांगत दारापर्यंत यायचं असतं. ती आली. डोक्यावरून पंचा ओढलेला, दोन्ही तळवे तापल्या सिमेंटवर, आणि रडणं सुरात, शिकल्यासारखं.

"आई गं, माझी वाट न बघता कशी गेलीस गं... कोंबडी शिजवून आणणार होते गं तुला... आता कुणाला आई म्हणू गं..."

सगळी गल्ली दारात आली. कुणाला काय करावं ते सुचेना. आ-बू उंबरठ्याशी होती तशीच, हातात अर्धी लिली. तिनं मान पुढे काढून बघितलं.

"कोण गेलं गं?" तिनं समोर उभ्या आ-तोला विचारलं.

"तुम्हीच, मावशी," आ-तो म्हणाली.

आ-बूनं क्षणभर विचार केला. "बरी रडते," ती म्हणाली. "सासरी जाताना एवढी रडली नव्हती."

नणंद रांगत उंबरठ्याशी आली, कपाळ टेकलं, पंचा वर केला. समोर आईचे पाय. पायांच्या वर आई.

"आ-बू?"

"हं. जिवंतपणी तुला बसनं यायला जमत नाही, आणि मेल्यावर गुडघ्यांवर येतेस. ऊठ. ले-होंग, आत्याला पाणी आण, गुडघे धुऊ दे. आणि तू आलीच आहेस तर ह्या वाट्या बसव. बोटं तरी सोलली नाहीत ना तुझी?"

आधी ले-होंग हसली. मग आ-तो. तिला हसू आवरेना, ती दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. मग गल्लीभर ते पसरलं. म्हाताऱ्या डोळे पुसत हसल्या, पोटुशी सून पोट धरून हसली. नणंद मध्ये बसून हसत होती की रडत होती ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. आईचं पाऊल तिनं दोन्ही हातांनी धरलं होतं ते काही सोडलं नाही.

हसणं ओसरल्यावर आ-तो उठली. पाट बगलेत मारून गल्ली ओलांडून आली आणि न विचारता पोतं पायानं सारून आत बसली.

"तू कशी आलीस?" बोंग-चीनं विचारलं.

"रडणं होऊन गेलं ना? लेकीनं रस्त्यापासून रडून दाखवलं. आता आणखी काय व्हायचं राहिलंय?" आ-तोनं तार उचलली. "मयताशिवाय रडणं उरकलं म्हणजे अशुभ फसलं. फसलेलं भूत परत येत नाही. सरक."

या तर्कात कुठं भोक आहे ते अजून कुणाला सापडलेलं नाही. सांजेपर्यंत बैठकीत पाय ठेवायला जागा उरली नाही. नणंद चार दिवस राहिली. पांढरी फुलं बोट सुटण्याआधी गेली, आणि पुढच्या खेपेला हाँग शेठ लाल, पिवळी, जांभळी घेऊन याच गल्लीत आला. आ-तोच्या सुनेला मुलगा झाला. आ-बू तर पुढे इतकी वर्षं जगली की यमाच्या कारकुनांबद्दल तिचं म्हणणं सगळ्यांना पटलं.

बोंग-चीला त्या हिवाळ्यासारखा हिवाळा पुन्हा भेटला नाही. काम भरपूर, पोर घरात. नववर्षाच्या जेवणाला नवरा आला तेव्हा त्यानं काओशुंगचा विषय काढला नाही. तिनं त्याच्या वाडग्यात मासा वाढला, डोक्याकडचा.

आणि सण संपल्यावर, पोती परत बैठकीत आली त्या सकाळी, ले-होंग म्हणाली, "आई, मी काओशुंगला जाते."

बोंग-चीला वाटलं नवऱ्यानं फूस लावली. "बाप काय बोलला तुला?"

"काही नाही. मीच."

"इथं काम नाही का? तुझ्यासाठी मी, तुझ्या आजीनं..." तिनं देठांची टोपली उचलून भिंतीवर मारली. तारा खोलीभर झाल्या.

ले-होंग वाकून तारा वेचायला लागली. वेचता वेचता खालमानेनंच बोलली. "मी फुलांतच मोठी झाले, आई. झोपेतसुद्धा माझी बोटं हलतात, तूच सांगतेस. तिकडं रेडिओ करतात. तो आतून कसा असतो ते मला बघायचंय. आणि तिकडं प्रत्येकीच्या पलंगाला पडदा असतो म्हणे. ओढला की आपलं आपण."

"पडद्यासाठी घर सोडतेस?"

"तुला नाही कधी हवासा वाटला पडदा?"

बोंग-ची आ-बूकडे वळली, म्हातारी तरी पोरीला दटावेल म्हणून.

"तू आलीस तेव्हा तुला कुणी विचारलं नव्हतं," आ-बू म्हणाली. "मीही नाही. ही आपल्या तोंडानं सांगतेय. ते आणि हे एक नव्हे, बोंग-ची."

इतक्या वर्षांत आ-बू त्याबद्दल एवढंच बोलली. बोंग-ची दोन दिवस खाली मान घालून फुलं करत राहिली. त्यातलं एकही वाकडं झालं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं ले-होंगची गाठोडी बांधली, खारवलेला मुळा, शेंगदाणे, जाड चादर. मग आपलेही कपडे बदलले.

"तू कुठं?" ले-होंगनं विचारलं.

"तुझ्याबरोबर."

"कारखान्याची गाडी नेते सगळ्यांना. आया येत नाहीत."

"न येवोत."

बोंग-चीला ज्या माणसानं लहानपणी या घरी आणून सोडलं तो मध्यस्थ होता. त्यानं तिला उंबरठ्याच्या आत ढकललं आणि पाणीही न पिता परतला. तिची आई आलीच नव्हती. हे तिनं ले-होंगला सांगितलं नाही, गाडीतही नाही, काओशुंगला उतरल्यावरही नाही.

वसतिगृहाच्या दारात देखरेखीच्या बाईनं हात आडवा केला. "फक्त मुली आत."

"मी हिची आई आहे," बोंग-ची म्हणाली, आणि तिच्या आवाजामुळे असेल, बाईनं हात खाली घेतला.

लांबच लांब खोली, दोन मजली पलंगांच्या रांगा, प्रत्येकाला निळ्या फुलांचा पडदा. ले-होंगचा पलंग खालचा होता. बोंग-ची त्यावर बसली. फळी दाबून बघितली, उशी उलटी करून हुंगली, पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून बघितला. पडद्याची एक कडी अडकत होती. तिनं दातांनी कडीची तार वाकवून ती सरळ केली. मग पडदा पुन्हा ओढला. या वेळी तो न अडता सरकला, आणि दोघी मायलेकी आत राहिल्या.

"छान आहे," बोंग-ची म्हणाली.

बाहेरून बाईनं दोनदा हाक मारली. बोंग-ची तिसरी हाक येईपर्यंत बसून राहिली.